शेपूट नसलेलं प्रथिन

माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ केला तर सुमारे 2 मीटर भरतो. मावतो मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. मेंदूत मज्जापेशी सुमारे 8,600 कोटी. त्या सगळ्यांचा डीएनए टोकाला टोक जोडून मोजला तर 17 कोटी किलोमीटर होतो. सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटरवर आहे!

हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळावर 147 अक्षरं, जेमतेम पावणेदोन वेढे. आणि एका पेशीत अशी अंदाजे 3 कोटी रिळं. वेढे घट्ट असले की तिथलं जनुक गप्प, सैल झाले की ते कामाला लागतं. व्यसन हात घालतं ते इथे. डीएनएचं एकही अक्षर न बदलता.

न्यूयॉर्कचे मेंदूशास्त्रज्ञ एरिक नेस्लर यांनी याचा माग अनेक वर्षं उंदरांत काढला. कोकेन दिलं की मेंदूच्या सुखकेंद्रात फॉस कुळातली प्रथिनं वाढतात आणि काही तासांत नाहीशी होतात. अपवाद एकाच प्रथिनाचा, डेल्टा-फॉस-बीचा. मूळ फॉस-बी 338 अमिनो आम्लांचं. डेल्टा-फॉस-बीत त्यातली शेपटाकडची 101 गायब. पेशीला ‘हे मोडून टाक’ असं सांगणारे संकेत त्याच शेपटात असतात. त्यामुळे हे टिकतं. निम्मं व्हायलाच त्याला सुमारे 8 दिवस लागतात, आणि रोजच्या डोसागणिक त्याचा साठा वाढत जातो. वर ते जनुकं गप्प करणाऱ्या जी-नाइन-ए या विकराचंच उत्पादन घटवतं. मग जी जनुकं गप्प असायची, त्यातली काही सैल होतात आणि पेशींना नवे काटे फुटून जोडण्या वाढतात. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. कोकेनच्या व्यसनी माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा त्यांतही हे प्रथिन वाढलेलं आढळलं.

तंबाखूला किरकोळ समजणाऱ्यांनी कोलंबिया विद्यापीठातला 2011 चा प्रयोग लक्षात ठेवावा. उंदरांना 7 दिवस पाण्यातून निकोटिन दिल्यावर कोकेनने फॉस-बीचं जनुक जास्त जोरात चालू झालं. क्रम उलटा केला, तर तसं झालं नाही.

अंगातली नशा काही दिवसांत उतरते. पेशीतला बदल आठवडे-महिने रेंगाळतो. म्हणून घरच्यांना कळकळीची विनंती: माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून परतला की पहिले काही महिने पाठपुराव्याची एकही भेट चुकवू नका, आणि पुन्हा पाय घसरला तर ‘याच्यात जिद्दच नाही’ म्हणून त्याला सोडून देऊ नका.