मोटारीतील संगीत: पेटी कोणती, गेन किती?



आपल्या बेटावरील काही मुले नोकरीनिमित्त संयुक्त अरब अमिरातीत आहेत. शारजात राहून दुबईत कामाला जाणाऱ्यांचा बराच वेळ मोटारीत जातो. मग संगीताची सोय करावीशी वाटते. शारजाच्या औद्योगिक विभागात किंवा दुबईच्या अल कूझ भागात गॅरेजांची वाण नाही. पण कष्टाचे दिरहॅम घालून बसवलेला सबवूफर जळू नये, म्हणून दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट पेटीची. बंद पेटी आकाराने लहान असते व तिचा ठोका नेमका येतो. आपल्या झाकरीतील ढोलक किंवा भजनातील मृदंग ऐकायचा असेल तर आम्ही हीच सुचवू. पोर्ट असलेली पेटी तेवढ्याच शक्तीत अधिक घुमते, पण जागा जास्त घेते. शिवाय ती ज्या कंपनसंख्येला जुळवलेली असते, तिच्याखालच्या स्वरांना स्पीकरचा पडदा मोकळा सुटून हेलकावतो व फाटू शकतो. पेटीचे माप स्पीकरच्या माहितीपत्रकाप्रमाणेच घ्यावे.

दुसरी गोष्ट गेनची. ही आवाज वाढवण्याची कळ आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तिचे खरे काम म्हणजे स्टीरिओकडून येणाऱ्या संकेताशी अँप्लिफायरची जुळणी करणे. गेन फार वाढवल्यास ध्वनिलहरींचे माथे कापल्यासारखे सपाट होतात, आणि त्या भाराने स्पीकरमधील तारेचे वेटोळे तापून जळते.

जुळणी अशी करावी. सबवूफरच्या तारा सोडवाव्या. गेन शून्यावर आणावा, बास बूस्ट बंद करावा. स्टीरिओचा आवाज तीन चतुर्थांश ठेवून ५० हर्ट्झचा चाचणी स्वर लावावा. अँप्लिफायर व स्पीकर यांपैकी ज्याची आरएमएस शक्ती कमी, ते वॅट घ्यावेत. त्यांना ओहमने गुणून वर्गमूळ काढावे. ३०० वॅट व ४ ओहम असतील तर उत्तर येते सुमारे ३४.६ व्होल्ट. मल्टिमीटर एसीवर ठेवून हा आकडा येईपर्यंतच गेन वाढवावा. मग स्टीरिओ बंद करून तारा जोडाव्या.

तेथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बंद मोटार त्याहूनही तापते. म्हणून अँप्लिफायर गालिच्याखाली दडपू नये, त्याला वारा लागू द्यावा. बॅटरीच्या तारेवर बॅटरीजवळच फ्यूज हवा. तो नसेल तर तार घासून आग लागण्याचे भय असते.

अति तेथे माती. तेथील २०१७ च्या वाहतूक नियमांत इतरांना त्रास होईल असे संगीत वाजवण्यास ४०० दिरहॅम दंड व ४ काळे गुण ठरवले होते. कानांचे नुकसान मात्र कोणताही दंड भरून परत मिळत नाही. मुलांना फोन कराल तेव्हा एवढे अवश्य सांगा.