शिधा पोहोचला, पुढे काय?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांना कुलूप लागलं आणि गावोगाव एक शेरा ऐकू येऊ लागला: "आता ताईंना बसून पैसे." मुळात सेविकेला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. आणि बंद झाली होती ती खोली. गरम खिचडीऐवजी धान्य, कडधान्य, डाळ, तेल, तिखट-मीठ असा कोरडा शिधा घरोघरी पोहोचवायचा होता. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली, तेव्हा आशा कार्यकर्त्यांबरोबर सेविकाही ताप आणि ऑक्सिजन तपासत दारोदार फिरल्या.

शिधा दिला की कुपोषण मिटलं, हा गैरसमज मात्र शिकल्यासवरलेल्यांचाही होता. अंगणवाडीत मूल ताईच्या डोळ्यांदेखत जेवायचं. मजुरी बुडालेल्या घरात तीच डाळ सगळ्यांच्या पातेल्यात गेली, आणि त्यात आईचा दोष तो काय? शिवाय हा आहार नावातच 'पूरक' आहे. तेव्हाच्या निकषाप्रमाणे तो बालकाला दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं देत असे. एक ते तीन वर्षांच्या मुलाची गरज हजाराच्या आसपास असते. उरलेलं घरातूनच यायचं. म्हणून ताईचं खरं काम पिशवी दिल्यानंतर, उंबऱ्याबाहेर उभं राहून सुरू व्हायचं. बाळाची वाटी वेगळी काढा. वरणाचं वरचं पाणी नको, खालची घट्ट डाळ द्या. तीन-चार वेळा जेवण, मध्ये काहीतरी खाऊ. खिचडीवर लहान चमचाभर तेल घाला. त्या पाच ग्रॅमांत ४५ किलोकॅलरी असतात आणि इवल्या पोटात जागा फारशी लागत नाही. मास्कमधून, दोन हात लांबून हे पटवणं सोपं नव्हतं. फोनवरून तर त्याहून अवघड, कारण घरातला एकुलता स्मार्टफोन बहुधा बाप्याच्या खिशात.

"वजनकाटाच बंद, मग कळणार कसं?" यालाही उत्तर होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजता येतो. ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम. ही पट्टी आईलाही शिकवता येते, ताईने मुलाला हात लावायची गरज नाही. दोन्ही पावलांवर सूज दिसली तर घेर कितीही असो, दवाखाना गाठायचा.

बाळंतिणीला कोरोना झाला की बाळाला तोडायचं, हा सल्ला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून सर्रास मिळे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र सुरुवातीपासून सांगितलं, की मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजत राहा. पहिला चीकही फेकायचा नाही. पावडरच्या दुधाने, त्यातही पाणी अस्वच्छ असेल तर, बाळाला जुलाबाचा धोका मोठा.

कोंबडी-अंड्यांतून कोरोना येतो ही अफवा तर टाळेबंदीच्या आधीची, फेब्रुवारी २०२० मधली. कोंबडीचे भाव कोसळले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं असतात. स्वस्त झालेलं असताना ते मुलांच्या ताटातून भीतीने गेलं, याची मला आजही चीड येते. भाज्या साबणाने धुणाऱ्यांनाही आवरावं लागलं, स्वच्छ पाणी पुरतं. काढ्याबद्दल एवढंच, की त्याने संसर्ग टळतो असं सिद्ध झालेलं नाही. मोठ्यांनी हौसेने घ्यावा, पण तान्ह्याला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, काढाही नको.

पुढच्या साथीचा आराखडा करणाऱ्यांनी सेविकेच्या नावापुढे नुसत्या वाटलेल्या पिशव्या मोजू नयेत. गृहभेटीला वेळ, मास्क, फोनचा खर्च आणि नोंदींसाठी मराठीत चालणारं ॲप, एवढं तिला पहिल्या दिवसापासून द्यावं.