उपाशीपोटी कुठली गोळी?

'ही पांढरी उपाशीपोटी, ही गुलाबी जेवणानंतर दोनदा, ही पाच दिवसांनी बंद, मीठ कमी करा आणि पुढच्या गुरुवारी रक्त तपासून या.' सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतून हे ऐकून निघालेली आजी औषधांच्या खिडकीशी पोहोचते आणि विचारते, 'बाबा, उपाशीपोटी कुठली?' मागून कुणीतरी खेकसते, 'लक्ष कुठं असतं तुमचं?'

लक्ष होते, पण एवढे सगळे एका वेळी डोक्यात मावत नाही. आजीच्याच काय, डॉक्टरांच्याही नाही.

मनाची ही क्षमता मोजण्याचे काम बोधनिक मानसशास्त्राने केले. मन माहिती कशी घेते, साठवते आणि वापरते, हे ही शाखा पाहते. त्याआधी अमेरिकेत वर्तनवादाचा अंमल होता. मनात काय चालते ते दिसत नाही, तेव्हा फक्त वागणूक अभ्यासा, असे जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये मांडले होते. उंदरांच्या प्रयोगांत ते खपून गेले. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी दाखवले की, ऐकलेल्या सुट्या गोष्टींपैकी साधारण सातच माणूस लगेच परत सांगू शकतो. फार तर दोन कमी-जास्त. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा चारच्या आसपास आणला. गोष्टींचे गट केले तर मात्र जास्त मावते. मोबाइल नंबर आपण तुकडे पाडून सांगतो तो त्यामुळेच.

लक्ष दुसरीकडे वळले की हेही टिकत नाही. लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी १९५९ मध्ये लोकांना तीन अक्षरे ऐकवली आणि लगेच तीन-तीनने उलटे आकडे मोजायला लावले. अठरा सेकंदांत बहुतेकांची अक्षरे पुसली गेली. ओपीडीत उलटे आकडे मोजावे लागत नाहीत. पण केसपेपर सांभाळायचा असतो, एसटी गाठायची असते आणि आजाराची धास्ती असतेच.

नेदरलँड्सचे रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के रुग्ण लगेच विसरतात, आणि जे आठवते त्यातलेही जवळपास निम्मे चुकीचे असते. मधुमेहाची गोळी चुकून दोनदा घेतली गेली तर साखर इतकी उतरू शकते की रुग्ण बेशुद्ध पडतो. तेव्हा हा नुसत्या विसराळूपणाचा प्रश्न नाही.

उपाय स्वस्त आहेत. महत्त्वाचे आधी सांगावे, कारण सुरुवातीचे जास्त लक्षात राहते. सकाळच्या गोळ्या एका पाकिटात, रात्रीच्या दुसऱ्या. वाचता न येणाऱ्यांसाठी वर सूर्य आणि चंद्र काढावा. शेवटी विचारावे, 'आजी, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?' 'समजलं ना?' या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात. गर्दीच्या ओपीडीत एवढा वेळ कुठून आणायचा, ही तक्रार खरी आहे. पण हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो आणि साखर उतरून आलेल्या रुग्णाला सावरायला अख्खी रात्र जाते.