मेणबत्ती : साठवण, वात आणि ज्योत

मेणबत्तीत प्रत्यक्ष जळते ती मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, सुती वात ते वर शोषून घेते आणि टोकाशी त्याची वाफ होऊन ती पेटते. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये याच विषयावर सहा व्याख्याने दिली. वात, मेण आणि हवा यांचा मेळ बसला की ज्योत स्थिर राहते. तो बिघडला की काजळी, गळती आणि आगीचा धोका वाढतो.

शिरपूरसारख्या खानदेशी गावात काळजीची सुरुवात साठवणीपासून होते. बाजारातील बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात. हे मेण साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला वितळते, पण मऊ त्याच्या बरेच आधी पडते. मे महिन्यात शिरपूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली उष्मा आणखी वाढतो. माळ्यावर उभ्या ठेवलेल्या मेणबत्त्या अशा वेळी वाकतात. त्या कागदात गुंडाळून, आडव्या, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवाव्यात. वाकलेली मेणबत्ती कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून, सपाट जागी हलकेच लाटली की सरळ होते.

पेटवण्यापूर्वी वात सुमारे ६ मिलिमीटर उरेल इतकी कापावी. वात लांब असली तर ज्योत मोठी होऊन काजळी धरते. जाड मेणबत्ती पहिल्यांदा लावताना वरचे मेण कडेपर्यंत वितळू द्यावे. नाहीतर पुढे मधेच खड्डा पडून वात बुडते. एका वेळी चार तासांहून जास्त जाळू नये. काचेच्या भांड्यातील मेणबत्ती तळाशी सेंटीमीटरभर मेण उरले की विझवावी, कारण तापलेला तळ तडकू शकतो.

मेणबत्ती स्टीलच्या ताटलीत किंवा वाळू भरलेल्या वाटीत घट्ट बसवावी. प्लॅस्टिकचा डबा, फ्रिजचा माथा, कूलरची कड या जागा टाळाव्यात. पडदे, मच्छरदाणी आणि साडीचा पदर दूर असावा. वीज गेल्यावर मेणबत्ती लावताना पंख्याचे बटण आधी बंद करावे. वीज परतताच पंखा फिरू लागतो आणि ज्योत भलत्या दिशेला झुकते. गॅसचा वास येत असेल तर काडी ओढूच नये. मुले एकटी असताना किंवा झोपताना मेणबत्ती जळती ठेवू नये.

फुंकर मारल्याने गरम मेण उडू शकते. त्याऐवजी चिमट्याने वात वितळलेल्या मेणात बुडवून पुन्हा उभी करावी. मेणानेच पेट घेतला तर पाणी ओतू नये; धातूचे झाकण घालून हवा तोडावी.

केकवर लावल्या जाणाऱ्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्यांत फटाक्याची दारू असते. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून अनेक महिला कामगारांचा बळी गेला. अशा मेणबत्त्या मेणाच्या मेणबत्तीसारख्या हाताळू नयेत. केस, फुगे आणि सजावट यांच्यापासून लांबच ठेवाव्यात.

अंगावर गरम मेण पडले तर तो भाग २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. चिकटलेले मेण ओढून काढू नये. टूथपेस्ट किंवा तूप लावू नये. फोड मोठे असतील किंवा चेहरा भाजला असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. आग पसरली तर घराबाहेर पडून १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.