कापताना थोडी माया सोडा!

आमचे वडील वर्तमानपत्रांतली कात्रणे काढून वहीत चिकटवीत. प्रत्येक कात्रणाखाली तारीख आणि पत्राचे नाव शाईने लिहीत. "एवढा खटाटोप कशाला?" असे मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "तारीख नसलेले कात्रण म्हणजे निनावी चिठ्ठी!" ही शिकवण मी विसरलो आणि त्याची शिक्षा यंदा गणपतीच्या दिवसांत भोगली. त्याचीच ही हकिगत.

आम्ही तिघे भावंडे एकाच लोकलच्या वाटेवर राहतो. मी बदलापूरला, अक्का अंबरनाथला आणि धाकटा उल्हासनगरला. आई माझ्याकडे असते. तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आणि खर्चाचा आकडा ऐकून मला घाम फुटला. धाकट्याला संदेश धाडला, "थोडे उसने देतोस का?"

त्याच सुमारास चिरंजीवांनी मला संगणकाची एक नवी गंमत शिकवली होती. विंडोजचे बटण, शिफ्ट आणि एस ही तिन्ही एकदम दाबायची. पडदा अंधुक होतो, बाण जाऊन अधिकचे चिन्ह येते. माऊसने हव्या त्या भागाभोवती चौकट ओढली, की तेवढाच तुकडा उचलला जातो आणि कुठेही चिकटवता येतो. याला म्हणतात स्निपिंग टूल. आपण कात्री म्हणू. १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला, तेव्हा त्यावर पडद्यावरचा मजकूर कागदावर छापणारे बटण होते. पुढे विंडोजमध्ये त्याच बटणाने साऱ्या पडद्याचे चित्र घेता येऊ लागले. हवा तेवढाच भाग कापणारी ही कात्री २००७ साली व्हिस्टाबरोबर घरोघरी पोचली.

तर एके संध्याकाळी ऑफिसात संगणकावर धाकट्याचे उत्तर उमटले : "आईच्या ऑपरेशनला मी पैसे उसने देणार नाही."

माझे डोके तडकले. तीन बटणे दाबली, त्या ओळीभोवती घट्ट चौकट ओढली आणि तुकडा अक्काला पाठवून दिला. वर लिहिले, "बघ तुझा लाडका!" संगणक बंद केला आणि गाडी पकडायला धावलो.

गर्दीत मोबाईल काढायलाही जागा नव्हती. कल्याण गेल्यावर काढला, तर दोनच मिनिटांनंतर आलेली दुसरी ओळ दिसली : "उसने कसले? आई काय तुझ्या एकट्याची? निम्मा खर्च माझा."

वाचकहो, त्या क्षणी मी गाडीतून उतरून पळालो असतो! पण तोवर अक्काने धाकट्याला फोनवर नाही नाही ते सुनावले होते. घाईघाईने मी दुसरी ओळही तिला धाडली. ती म्हणाली, "माझी बोलणी खाल्ल्यावर सारवासारव केली असेल त्याने!" वेळ दाखवावी, तर ओळीच्या कोपऱ्यातली वेळ मीच कापून टाकलेली. धाकटा तर आम्हा दोघांचेही फोन उचलेना.

अशी अडचण कोर्टातही येते. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून वाद होता. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ यंत्रच हजर केले तर गोष्ट वेगळी; त्यावरून काढलेली प्रत पुराव्यात द्यायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहेच.

मीही मग मूळ यंत्रच हजर केले! मोबाईल घेऊन अंबरनाथला गेलो. अक्काने चष्मा लावून दोन्ही ओळींच्या वेळा पाहिल्या आणि काही न बोलता चपला घातल्या. दोघे उल्हासनगरला गेलो.

धाकट्याच्या खोलीखाली जीन्स शिवण्याचा कारखाना आहे. तो दारातच उभा होता. एवढेच म्हणाला, "दादा, एक फोन करायचा होतास." मला मान वर करवेना. खालचे मास्तर नव्या पोराला ओरडत होते, "अरे, माया सोडून काप! शिवणार कुठे मग?" अक्का हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे. तुकडा कापताना नाव, तारीख, वेळ आणि मागचापुढचा मजकूर चौकटीत राहू द्यायचा. मात्र खाते क्रमांकासारखी गुप्त गोष्ट पहिल्यापासूनच चौकटीबाहेर ठेवायची. ती रंगीत पेनाने झाकली तरी कधी कधी खालून वाचता येऊ शकते. मार्च २०२३ मध्ये तर असे उघड झाले, की विंडोजच्या या कात्रीने जतन केलेले चित्र पुन्हा छाटून त्याच नावाने ठेवले, तर छाटलेला भाग फाईलच्या पोटात उरू शके! मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली; तरी त्याआधी छाटून पाठवलेली चित्रे कोणाकोणाकडे पडून असतीलच.

आईचे ऑपरेशन पार पडले. ती आता काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. यंदा भाऊबीजेला आम्ही दोघे अक्काकडे अंबरनाथला जाणार आहोत. ओवाळणीचा फोटो चिरंजीव काढतील. त्यातून कोणालाही छाटायचे नाही, अशी अक्काची सक्त ताकीद आहे.