सुट्टीत जमलेले विद्यापीठ : आयुकाचा मागोवा

पुण्याच्या आयुकात, म्हणजे विद्यापीठांसाठीच्या खगोलविज्ञान केंद्रात, पृथ्वीचे फिरणे दाखवणारा फूकोचा लंबक आहे. त्याच्यासमोर पाच मिनिटे उभे राहिले तर काही वेगळे दिसत नाही. तासाभराने परत यावे, तर झोक्याची दिशा जवळजवळ पावणेपाच अंशांनी सरकलेली असते. ध्रुवावर ती एका दिवसात पूर्ण फिरली असती, पुण्याच्या 18.5 अक्षांशावर तिला 75 तास लागतात. मी तालुक्याच्या कॉलेजात हे गणित वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवत आलो होतो. ते घडताना पाहिले ते इथेच.

ऐंशीच्या दशकात आपल्याकडे एक विचित्र वाटणी होती. संशोधन मोठ्या संस्थांत चालायचे आणि शिकवणे विद्यापीठांत. संस्थांकडे उपकरणे होती, पण विद्यार्थी मोजके. विद्यापीठांकडे वर्ग भरलेले, पण ग्रंथालयात नवे नियतकालिक यायला महिने लागायचे. ही भिंत पाडायला हवी, हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी ओळखले. सर्व विद्यापीठांनी मिळून वापरायचे एक केंद्र, ही ती कल्पना. ती उभी करायला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था सोडून पुण्याला आले. नरेश दधिच आणि अजित केंभावी हे त्यांचे पहिले सोबती. 1988 मध्ये पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात आयुकाची सुरुवात झाली. चार्ल्स कोरिया यांनी काळ्या दगडाच्या भिंतींची वास्तू उभारली आणि डिसेंबर 1992 मध्ये खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले.

आयुकाचे नाव निघाले की लोकांना आठवतात त्या दुर्बिणी. मला आधी आठवते ती असोसिएटची योजना. कुठल्याही विद्यापीठातल्या किंवा कॉलेजातल्या शिक्षकाने सुट्टीत यावे, टेबल, संगणक आणि ग्रंथालय वापरावे, कुणाबरोबर तरी काम करावे आणि परत आपल्या वर्गात जावे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मांडणीवर त्याच महिन्याचे अंक पाहून मी बराच वेळ तिथेच उभा होतो. जूनमध्ये कॉलेज उघडले तेव्हा दीर्घिकांचे वर्णपट सोबत नेले होते. तांबडे विस्थापन शिकवताना त्या वर्षी व्याख्या सगळ्यांत शेवटी सांगितली. आधी मुलांनी पट्टी लावून रेषा मोजल्या.

संशोधनाचे पीकही भरघोस आले. शेजारच्याच एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. दोन्ही संस्थांनी संशोधक विद्यार्थ्यांचे वर्ग एकत्र घेतले. 2006 मध्ये गिरवलीला आयुकाची 2 मीटरची दुर्बीण आली. गोंगाटातून गुरुत्वीय लहरींचा अस्पष्ट ठसा कसा वेचायचा, यावर आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्येच काम प्रसिद्ध केले होते. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने अशी लहर प्रत्यक्ष टिपली. 2017 मध्ये जाहीर झालेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह आपल्यापासून सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तो शोधणाऱ्या चमूत आयुका आणि आयसर पुणे यांच्या बरोबरीने जमशेदपूरच्या एनआयटीतले आणि केरळातल्या तोडुपुळाच्या न्यूमन कॉलेजातलेही संशोधक होते. एका लहान गावच्या कॉलेजाचे नाव त्या शोधनिबंधावर झळकले, तेव्हा यशपाल-नारळीकरांचे म्हणणे खरे ठरले असे मला वाटले.

शाळकरी मुलांसाठीही आयुकाचे दार उघडेच राहिले. दुसऱ्या शनिवारची व्याख्याने, विज्ञान दिनाची झुंबड, पु. ल. देशपांडे यांच्या नावाची मुक्तांगण विज्ञान शोधिका. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न विचार, उत्तराखाली सही मिळेल. आणि उत्तर खरोखर येई. 20 मे 2025 रोजी ते गेले, त्या दिवशी कितीतरी घरांतून जपून ठेवलेली ती कार्डे बाहेर निघाली असतील.

मागे वळून पाहताना एक सल मात्र बोलून दाखवायला हवा. हे सारे शिक्षकाच्या सुट्टीवर उभे आहे. केंद्र शिक्षकाला बळ देऊ शकते, शिक्षक नेमू शकत नाही. माझी एक हुशार विद्यार्थिनी आज एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवते. तास नाही तर पैसे नाहीत, म्हणून मे महिन्यात ती क्लासमध्ये शिकवते. आकाशाच्या सर्वेक्षणांची माहिती आता तिच्या मोबाइलवर फुकट उतरते. तिच्या पिढीला सगळे मिळाले. मला मिळायची ती सुट्टी तेवढी मिळालेली नाही.