पाहुण्याचं ताट: हिंगोलीतून पाहिलेली देवबागची पंचवीस वर्षं

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा आमच्याकडे प्रवासाचा अर्थ तीर्थयात्रा एवढाच होता. औंढा आणि नरसी तर घरचंच, पुढे माहूर, शेगाव, तुळजापूर, आणि सगळ्यांत शेवटी पंढरपूर. मुक्काम धर्मशाळेत किंवा भक्तनिवासात. सोबत फडक्यात बांधलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा. समुद्र म्हणजे मुंबईच्या नातेवाइकांनी दाखवलेली चौपाटी. पैसे देऊन परक्याच्या घरी राहायचं आणि त्याच्या चुलीवरचं जेवायचं, ही कल्पना आमच्या वडीलधाऱ्यांना पटणारी नव्हती. पाहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे, हा त्यांचा प्रश्न, आणि तो खरा होता.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र वारं फिरलं होतं. 1997 साली सिंधुदुर्गला देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर करण्यात आलं. पाठोपाठ 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली आणि कुडाळ, कणकवली ही नावं मराठवाड्यातल्या माणसाच्याही तोंडी आली. आमच्याकडून तिथे जाणं तरीही सोपं नव्हतं. पूर्णा-अकोला मार्ग 2008 मध्ये रुंद झाला, तोवर हिंगोलीच्या रुळांवर मीटरगेजची गाडीच होती. एसटीने परभणी, तिथून सोलापूर, कोल्हापूर, आणि मग घाट उतरून मालवण, असा तो प्रवास.

मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, आणि तारकर्लीच्या पुढे देवबाग. बेट नव्हे, पण बेटाइतकंच पाण्याने वेढलेलं. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मधे माडांची एक अरुंद पट्टी. काही ठिकाणी एका घराच्या पुढच्या अंगणातून समुद्र दिसतो आणि मागच्या दारातून खाडी. ज्या मुलखात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या माणसाला हे पहिल्यांदा पाहताना बोलायला सुचत नाही.

पर्यटन महामंडळाचं निवासस्थान तारकर्लीत होतं. महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेतून आणि त्याहून जास्त लोकांच्या स्वतःच्या हिमतीने मच्छीमारांच्या घरांत खोल्या तयार झाल्या. सुरुवातीच्या काळात पडवीला भिंत घालून खोली केलेली असे, न्हाणीघर मागे, विहिरीशेजारी. जेवण घरातल्यांसाठी शिजलेलं तेच. सकाळी घावणे किंवा आंबोळी आणि नारळाची चटणी. दुपारी उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेला बांगड्याचा तिखला, तळलेला मासा, सोलकढी. रात्री आधी सांगितलं असेल तर कोंबडी-वडे. आमच्याकडे ओला नारळ देवापुढे फुटतो आणि प्रसादापुरता हाती येतो. इथे तो आमटीत, भाजीत, कढीत, गोडात, सगळीकडे. शिरवाळ्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात हे कळल्यावर आमच्या घरातली लहान मुलं दुसरं काही खायला तयार नव्हती.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती माळकऱ्यांची गोष्ट. हिंगोली हा संत नामदेवांचा मुलूख, नरसीचा. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत गळ्यात तुळशीची माळ. देवबागला निघताना, मासळीवर जगणाऱ्या गावात आपलं कसं होणार, या धास्तीने बायकांनी पिठलं करायला हरभऱ्याचं पीठ सोबत बांधून घेतलं होतं. आम्ही उतरलो त्या घरच्या मावशींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘मासे नाय खात? मगे काय झाला! आमच्यातय माळकरी आसत. आज काजीची उसळ करतंय.’’ वेगळी भांडी निघाली. ओल्या काजूंची उसळ, काळ्या वाटाण्याचं सांबार, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, सोलकढी. त्या घरात सोमवार पाळतात, श्रावण पाळतात, गणपतीत सगळं शाकाहारी करतात. त्यामुळे त्यांच्या शाकाहारी स्वयंपाकात अडचण भागवल्याची चव नव्हती, सणाची होती. मोठमोठ्या हॉटेलांतही असं जेवण मला मिळालेलं नाही.

पुढे जाणं-येणं वाढलं. आम्ही वसमतची हळद नेऊ लागलो, त्यांच्याकडून आगळ आणि कोकमं येऊ लागली. आमची हळद त्यांच्या सुरमईला लागते, याचं आमच्या शेतकऱ्याला फार अप्रूप. त्याहून मोठं अप्रूप पानांचं. आमच्याकडे काढणीआधी हळदीचा पाला कापून टाकून देतात. कोकणात त्याच पानावर तांदळाचं पीठ थापून, गूळ-खोबऱ्याचं सारण भरून पातोळ्या वाफवतात. पाल्याचे ढीग बांधावर वाळताना बघत आमच्या पिढ्या गेल्या, आणि त्यात एक पक्वान्न आहे हे आम्हाला समुद्राकाठी कळलं.

या पाहुणचाराचा आधार रापण होता. किनाऱ्यावरून गोल टाकलेलं लांब जाळं दोन्ही टोकांनी गावाने मिळून ओढायचं, आणि आलेल्या मासळीत प्रत्येकाचा वाटा. पाहुण्याच्या ताटातला बांगडा बहुतेक वेळा त्याच सकाळचा असे. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका आल्या तशी किनाऱ्याजवळची मासळी घटू लागली. पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं लढा दिला, 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी बेकायदा मासेमारीची तक्रार थांबलेली नाही. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा समजूतदार घर पाहुण्याला सुकटीची चटणी वाढतं आणि पावसाळ्याचं ताट वेगळंच असतं हे सांगतं. बाहेरून बर्फातला मासा आणून हंगाम झाकणारी ठिकाणंही आता आहेत. ते मला मान्य नाही.

कर्लीच्या मुखाशी वाळूचा एक पट्टा आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात आणि त्याला त्सुनामी बेट म्हणूनच ओळखतात. त्याने देवबागचं रूप बदललं. बोटी, पाण्यातले खेळ, स्कूबा, आणि त्यामागून गर्दी. पडवीतल्या खोल्यांवर मजले चढले, वातानुकूलन आलं, फाटकावर ‘रिसॉर्ट’ची पाटी लागली. जेवणाच्या यादीत पनीर आणि चायनीज शिरलं. पाहुण्यानेच ते मागितलं, हे खरं आहे, आणि मागणाऱ्यांत आमच्या भागातले लोकही आहेत. पण मालवणात येऊन पनीर मागणाऱ्याने काजूची उसळ करणाऱ्या हातांचं काम काढून घेतलं, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे.

पाहुणचार समुद्रातल्या किल्ल्यातही आहे. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर 1664 साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. भोवती खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आजही मोजकी कुटुंबं किल्ल्यात राहतात, होडीतून आलेल्याला सरबत देतात. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा लष्करी वास्तूंमध्ये हा किल्ला आहे.

2020 ची टाळेबंदी आणि पाठोपाठ मे 2021 मधलं तौक्ते वादळ, या दोन धक्क्यांत किनाऱ्यावरच्या घरांचं कंबरडं मोडलं. छपरं उडाली, माड पडले, वीज गेली. त्या दिवसांत हिंगोलीतून फोन जात होते, ते खोली राखून ठेवण्यासाठी नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ सुरू झाला. ज्या घरांनी स्वतःचं स्वयंपाकघर सोडलं नव्हतं, त्यांच्याकडे जुने पाहुणे आधी परतले. मी पाहिलेल्या घरांपुरतं तरी हे खरं आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघू. औंढा नागनाथला वर्षभर भाविक येतात. नरसीला येतात. शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीला आपल्याच जिल्ह्यातून जाते, आणि तेव्हा गावोगाव ज्या पंगती बसतात, त्या आग्रहाला तोड नाही. पण पालखी पुढे गेली की एरवी आलेल्या माणसाला बसस्थानकाजवळच्या हॉटेलात जेवून परतावं लागतं. ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी, रोडगे आणि वांग्याची भाजी, धपाटे आणि दही, हे त्याच्या ताटात कधी येतच नाही. 2020 साली राज्याने कृषी पर्यटन धोरण आणलं, शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात पाहुण्यांची सोय करता यावी म्हणून. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पीक आहे, देव आहे, येणारा माणूस आहे.

पाहुण्याकडून पैसे घेण्यात कमीपणा नाही, हे देवबागच्या मावशींनी दाखवून दिलं आहे. जे घरात शिजतं ते मनापासून वाढलं की पुरे. औंढा, नरसी, वसमतच्या गावांतून दहा घरांनी तरी येत्या हंगामात एक खोली आणि एक ताट पाहुण्यासाठी ठेवावं. पहिलं आमंत्रण मालवणच्या माणसांना द्या.